लोखंडी आसाच्या दोन गाड्या : वाहन, कर्ज आणि कागद यांचा इतिहास

१/
नोव्हेंबर १८७३. दख्खनमधील एका शेतकऱ्याने सावकाराला भाडेखत लिहून दिले. त्याचा आशय असा : तुमच्या देण्यापोटी माझ्या लोखंडी आसाच्या दोन गाड्या, त्यांचे सामान आणि चार बैल मी तुम्हांस विकले आहेत. त्याच दोन गाड्या आणि तेच चार बैल मी तुमच्याकडून भाड्याने घेतले आहेत. दरमहा चार रुपये भाडे देईन आणि तुमच्या हस्ताक्षरातील पावती घेईन. पावती नसेल, तर भाडे दिल्याचा वाद मी घालणार नाही.

२/
गाड्या त्याच्याच अंगणात, बैल त्याच्याच दावणीला. मालकी मात्र कागदाने सावकाराकडे गेलेली. पावती द्यायची की नाही हे सावकाराच्या मर्जीवर, आणि पावतीवाचून दुसरा पुरावा चालणार नाही हे शेतकऱ्याने स्वतःच कबूल केलेले. दख्खन दंगल आयोगाच्या दप्तरात हा दस्त टिकून राहिला. आज हप्त्यावर मोटार घेणाऱ्याला जी संरक्षणे आहेत, म्हणजे पावती, हिशेब, पूर्वसूचना आणि दाद मागण्याची जागा, ती सारी या भाडेखताच्या शेवटच्या वाक्याला दिलेले उत्तर म्हणून वाचता येतात. ते उत्तर कसे घडत गेले आणि कुठे अपुरे राहिले, त्याची ही कथा.

३/
तिची सुरुवात या भाडेखताच्याही तीस वर्षे आधी, सह्याद्रीच्या कुशीत होते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, प्रवरेच्या खोऱ्यात राजूर वसले आहे. भंडारदऱ्याच्या वाटेवरचे हे गाव म्हणजे डोंगराळ आदिवासी पट्ट्याची बाजारपेठ. राजूरनजीकचे देवगाव हे राघोजी भांगरे यांचे गाव. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, किल्ल्यांवरील चौक्या-पहारे मोडले आणि त्यांवर पोट असलेल्या महादेव कोळी कुटुंबांची वतने व नेमणुका आटल्या. राघोजींचे वडील रामजी हेही १८२८-३० च्या उठावात होते.

४/
नव्या राजवटीला सारा रोख हवा होता. डोंगरातल्या नाचणी-वरईच्या शेतीत रोकड कुठली? ती सावकाराच्या पेढीवर मिळे. हा सावकार बहुधा गावचा दुकानदारही असे. कापड, मीठ, बियाणे उधारीने देणारा तोच, त्या उधारीवर व्याज लावणारा तोच आणि वही लिहिणाराही तोच. माल विकणारा आणि कर्ज देणारा एकाच ओट्यावर बसलेला असला, की घेणाऱ्याला मालाची किंमत कोणती आणि पैशाची किंमत कोणती, हे वेगळे काढता येत नाही. हा पेच पुढेही पुन्हापुन्हा भेटणार आहे.

५/
१८४४-४५ च्या सुमारास राघोजी आणि त्यांच्या साथीदारांनी अहमदनगर, नाशिक व ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात सावकारांवर धाडी घातल्या. सावकारांची नाके कापल्याचे उल्लेख इंग्रजी दप्तरात आहेत. जानेवारी १८४८ मध्ये राघोजी पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात त्यांना फाशी झाली. सरकारने हा प्रकार बंड म्हणून मोडला. कर्जाचा कागद मात्र जसाच्या तसा राहिला. पुढे दख्खन दंगल आयोगाने सावकारविरोधी उद्रेकांचा मागोवा घेतला, तेव्हा त्याला राघोजींपर्यंत मागे जावे लागले.

६/
मधल्या काळात सरकारने एक सुधारणा केली आणि ती उलटली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, हा हेतू. सावकाराने तोड काढली : दर तीन वर्षांनी जुने खत फाडायचे आणि नवे लिहून घ्यायचे. जुने मुद्दल अधिक थकलेले व्याज ही नव्या खतातली मुद्दल. त्यावर पुन्हा व्याज.

७/
येथे एक जुना आधारही निकामी झाला. ‘दामदुपट’ हा हिंदू व्यवहारशास्त्रातील नियम मुंबई इलाख्यात न्यायालयेही मानत : एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये. पण दर तीन वर्षांनी व्याजच मुद्दल बनू लागले, तेव्हा दामदुपटीची मर्यादाही दर तीन वर्षांनी नव्याने सुरू होऊ लागली. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे एक प्रकरण आयोगाच्या अहवालात आहे.

८/
अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले आणि दख्खनमध्ये कर्ज सैल हाताने मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज आटले; त्यातच नव्या जमाबंदीने सारा वाढला. जुने देणे फिटेना, नवे मिळेना. मग जमीन, गाडी, बैल सावकाराच्या नावे करून तेच भाड्याने घेण्याची वेळ आली. सुरुवातीचे भाडेखत या टप्प्यावरचे आहे.

९/
१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उद्रेक झाला. तो अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. या दंगलींचा एक विशेष सर्व इतिहासकारांनी नोंदवला आहे : जमावाची मागणी मुख्यतः कागदांची होती. वह्या, खते, रोखे बाहेर काढा. ते मिळाले की होळी. बहुतेक ठिकाणी माणसाच्या अंगाला हात लावलेला नाही. एकूण ९५१ जणांना अटक झाली.

१०/
ज्याला वाचता येत नव्हते, त्याने कागदच का जाळला? कारण ब्रिटिश दिवाणी न्यायालयात कागद हाच कर्त्याधर्त्याच्या जागी बसला होता. गावच्या पंचांपुढे व्यवहाराची हकिकत सांगता येई : किती घेतले, किती फेडले, कोणत्या साली दुष्काळ पडला. न्यायालय खतावरची रक्कम आणि खालचा अंगठा पाही. प्रतिवादी दूरच्या तालुक्याला जाऊ शकला नाही, तर निवाडा एकतर्फी होई. सावकाराचा लोभ नवा नव्हता. त्याच्या पाठीशी उभे राहिलेले शासनाचे बळ नवे होते.

११/
आयोगाने १८७६ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १८७९ चा ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ आला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला; म्हणजे राजूरच्या कुळालाही. त्यातील तरतुदी आजच्या वाचकाने सावकाश पाहाव्यात :
• न्यायालयाने खतापाशी न थांबता व्यवहाराचा मूळापासूनचा इतिहास तपासावा.
• मुद्दल आणि व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा. साचलेले व्याज सहसा मुद्दलात मिसळू देऊ नये.
• फेडीची पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मिळण्याचा ऋणकोला हक्क असावा.
• शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकासमोर व्हावे.
• पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये.

१२/
१८७३ च्या भाडेखतात लिहिले होते, की पावतीवाचून वाद घालणार नाही. सहाच वर्षांत कायद्याने म्हटले, की पावती मागणे हा तुझा हक्क आहे आणि कागदामागे काय घडले, ते न्यायालय पाहील. कायदा निर्दोष नव्हता. सावकारांनी कर्जरोख्याऐवजी थेट खरेदीखते करून घ्यायला सुरुवात केली. गहाण हे ‘विक्री’ म्हणून लिहिले जाऊ लागले. कायद्याने एक कागद बांधला, की व्यवहार दुसऱ्या नावाच्या कागदात सरकतो. वाहनकर्जाच्या इतिहासात हीच चाल पुन्हा दिसते.

१३/
तिकडे इंग्लंडमध्ये गाडी-बैलांऐवजी पियानो होता. दुकानदार पियानो ‘भाड्याने’ देई. सारे हप्ते फिटले, की तो गिऱ्हाइकाचा. ‘हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज’ या १८९५ च्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ठरवले, की शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दुकानदाराचीच. भाडेखरेदी, अर्थात हायर पर्चेस, या निकालावर फोफावली. त्याबरोबर एक क्रूर प्रथाही आली : बहुतेक पैसे फिटलेले असताना एखादा हप्ता चुकला, की वस्तू उचलून न्यायची आणि दुसऱ्याला पुन्हा विकायची. खासदार एलन विल्किन्सन यांच्या प्रयत्नाने १९३८ चा कायदा झाला : एक तृतीयांश किंमत फिटल्यावर न्यायालयाच्या आदेशाविना वस्तू ओढून नेता येणार नाही.

१४/
भारतात विसाव्या शतकात मालमोटारी आणि टॅक्सी मोठ्या प्रमाणावर याच पद्धतीने रस्त्यावर आल्या. १९६० च्या दशकात ‘सुंदरम फायनान्स विरुद्ध केरळ राज्य’ हे प्रकरण विक्रीकराच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातील व्यवहाराची रचना अशी : ग्राहक विक्रेत्याकडून वाहन घेतो, काही रक्कम स्वतः भरतो, उरलेली वित्तकंपनी भरते, मग ग्राहक ते वाहन कंपनीला ‘विकल्याचे’ लिहून देतो आणि तेच वाहन तिच्याकडून ‘भाड्याने’ घेतो.

१५/
वाचकांनी पहिला परिच्छेद पुन्हा पाहावा. मी विकले, तेच मी भाड्याने घेतले. नव्वद वर्षांनी लोखंडी आसाच्या गाडीची जागा मोटारीने घेतली होती. कागदाची मांडणी मात्र तीच होती. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कागदामागचा व्यवहार पाहिला आणि म्हटले, की नाव काहीही असो, हे कर्ज आहे आणि वाहन हे त्याचे तारण आहे. १८७९ च्या कायद्याने चार जिल्ह्यांतील न्यायालयांना जी दृष्टी दिली होती, तिचेच हे रूप.

१६/
विधी आयोगाने १९६१ मध्ये आपल्या विसाव्या अहवालात भाडेखरेदीसाठी स्वतंत्र कायदा सुचवला. १९७२ मध्ये संसदेने तो केला. ठरावीक हिस्सा फिटल्यानंतर न्यायालयाच्या परवानगीविना वस्तू ताब्यात घेता येणार नाही, अशी तरतूद त्यात होती. पण हा कायदा प्रत्यक्षात कधीच अमलात आला नाही आणि २००५ मध्ये तो रद्द करण्यात आला. तेहतीस वर्षे तो कायद्याच्या पुस्तकात होता. एकाही हप्तेकऱ्याला त्याचा उपयोग झाला नाही.

१७/
ही पोकळी तीन दिशांनी थोडीथोडी भरली गेली. पहिली दिशा ग्राहक संरक्षण कायद्याची. १९८६ च्या कायद्याने कर्जसेवा ही ‘सेवा’ ठरली आणि तिच्यातील उणिवेबद्दल ग्राहक मंचाकडे जाता येऊ लागले. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू यातून वगळली आहे. मात्र स्वतःच्या रोजगारासाठी, उपजीविकेपुरते वाहन घेणारा ग्राहकच मानला जातो. राजूर ते भंडारदरा स्वतःची जीप स्वतः चालवणाऱ्या तरुणासाठी हा भेद फार मोलाचा आहे.

१८/
२०१९ च्या नव्या कायद्याने दोन गोष्टी जोडल्या. ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली : ग्राहकावर एकतर्फी, अवाजवी अटी लादणाऱ्या कराराला राज्य आयोगापुढे आव्हान देता येते. शिवाय तक्रार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच करता येते. कंपनीचे मुख्यालय चेन्नईत असो वा मुंबईत. राजूरहून नगर शंभर किलोमीटरहून दूर आहे, म्हणून ऑनलाइन तक्रारीची सोयही महत्त्वाची. एकोणिसाव्या शतकातील एकतर्फी निवाड्यांचे मूळ या अंतरातच होते.

१९/
दुसरी दिशा न्यायालयांची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराराप्रमाणे वाहन ताब्यात घेण्याचा वित्तकंपनीचा हक्क मान्य केला. पण २००७ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात वसुलीसाठी दांडगट माणसे पाठवण्याच्या प्रथेवर कडक ताशेरे ओढले आणि २०११ मध्ये स्पष्ट केले, की भाडेखरेदीच्या करारातही वसुली कायद्याच्या मार्गानेच व्हावी, बळजबरीने नव्हे. म्हणजे हक्क राहिला. तो बजावण्याच्या पद्धतीला लगाम बसला.

२०/
तिसरी दिशा रिझर्व्ह बँकेची. २००९ मध्ये बिगर-बँक वित्तकंपन्यांना सांगण्यात आले, की वाहन ताब्यात घेण्याचे कलम करारात स्पष्ट हवे : पूर्वसूचनेची मुदत, ताब्याची रीत, लिलावापूर्वी फेडीची अखेरची संधी आणि लिलावाची पद्धत. २०२२ मध्ये वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करू नये, असे बजावले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात झारखंडातील हजारीबागेत ट्रॅक्टर ओढून नेताना एका शेतकऱ्याची गर्भवती मुलगी चाकाखाली मरण पावली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने संबंधित कंपनीला बाहेरच्या प्रतिनिधींमार्फत वसुली करण्यास काही काळ मनाई केली.

२१/
२०२४ मधले दोन नियम १८७९ शी थेट बोलतात. १ एप्रिलपासून थकीत हप्त्यावरील दंड व्याजदरात मिळवता येत नाही आणि दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावता येत नाही. व्याज मुद्दलात मिसळू नये, हे तत्त्व येथे दंडाला लागू झाले. १ ऑक्टोबरपासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक झाले. तेही ऋणकोला समजेल अशा भाषेत. त्यात नसलेले शुल्क त्याच्या स्पष्ट संमतीविना आकारता येत नाही.

२२/
या विवरणातील वार्षिक टक्केवारी दर का पाहावा, ते एका हिशेबाने कळते. सहा लाख रुपये, पाच वर्षे, ‘८ टक्के फ्लॅट’. व्याज २ लाख ४० हजार; हप्ता १४ हजार. ऐकायला ८ टक्के. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र साऱ्या सहा लाखांवर धरलेले असते. घटत्या शिलकीवर मोजले, तर हाच दर १४ टक्क्यांहून अधिक भरतो. त्यात प्रक्रिया शुल्क आणि कर्जातच बसवलेला विमा मिळवला, की आणखी वर.

२३/
शोरूममध्ये हा हिशेब आणखी झाकला जातो, कारण ओट्यावरचा जुना पेच तेथे नव्या रूपात असतो. भारतात विक्रेता बहुधा स्वतः कर्ज देत नाही. तो कर्ज आणि विमा जुळवून देतो व त्यावर दलाली मिळवतो. टेबल एक, कागद तीन : गाडीची खरेदी, कर्ज, विमा. सही एका बैठकीत होते. बिघाड झाला, की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. अमेरिकेत यावर १९७६ मध्ये नियम लागू झाला : विक्रेत्याने जुळवलेल्या अशा कर्जात विक्रेत्याविरुद्धची तक्रार ग्राहक वित्तकंपनीविरुद्धही मांडू शकतो. भारतात असा सर्वसाधारण नियम नाही. म्हणून तक्रारीत विक्रेता आणि वित्तकंपनी या दोघांनाही पक्षकार करणे शहाणपणाचे ठरते.

२४/
नोंदणी पुस्तकही नीट वाचावे. अकोले तालुक्यातील वाहनावर ‘एमएच १७’ असतो आणि हप्ता चालू असेतो पुस्तकावर वित्तकंपनीचा बोजा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ अन्वये हा बोजा नोंदला जातो. शेवटचा हप्ता फिटल्याने तो आपोआप उतरत नाही. कंपनीचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ परिवहन कार्यालयाकडे सादर करावे लागतात. हे न करणाऱ्याची गाडी फिटलेली असूनही कागदावर गहाणच राहते.

२५/
दोन उणिवा मात्र उघड्या आहेत. दामदुपटीची मर्यादा महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात आहे. परंतु राज्यांचे सावकारी कायदे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांना लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ व गुजरातच्या प्रकरणांत ठरवले. आणि बराच हिस्सा फिटल्यावर न्यायालयाच्या आदेशाविना वाहन ओढता येणार नाही, हा इंग्लंडने १९३८ मध्ये मान्य केलेला नियम भारताच्या कायद्यात आजही नाही. साठांपैकी पंचावन्न हप्ते भरलेल्याची आणि पाच भरलेल्याची गाडी कायद्याच्या दृष्टीने सारखीच ओढली जाऊ शकते.

२६/
राघोजींच्या काळी कागदाला उत्तर शस्त्राने दिले गेले, १८७५ मध्ये आगीने, १८७९ मध्ये पावती आणि पासबुकाने. यांतले शेवटचेच टिकले. राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात बैलजोडी पारखून घेणारा शेतकरी दात, खांदा, खूर आणि चाल पाहिल्याशिवाय विसार देत नाही. शोरूमच्या टेबलावर तीच पारख कराराची प्रत, मुख्य तथ्य विवरण, प्रत्येक हप्त्याची पावती आणि ताब्याचे कलम यांना लावावी लागते. दीडशे वर्षांपूर्वी त्या भाडेखतावर अंगठा उठवणाऱ्याला यातले काहीच मागता येत नव्हते.